रॉकमधला रडका सूर

मला काळोख्या संगीताचे वावडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. धरमपेठेतल्या आमच्या घरात रविवारी सकाळी जे काही वाजत असते, ते ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा माझ्या आईजवळ हळूच चौकशी केली होती की, घरात सगळे बरे आहे ना. मृत्यू, युद्ध, व्यसन, वेड, एकटेपण या विषयांवरची रॉक गाणी मी कॉलेजात असल्यापासून आवडीने ऐकत आलो आहे आणि पुढेही ऐकणार आहे. तेव्हा ‘ही मंडळी जरा आनंदी गाणी का करत नाहीत’ असा शेजारधर्माचा प्रश्न मला विचारायचा नाही. माझी चीड एका विशिष्ट प्रकारच्या गाण्याविषयी आहे, आणि दुर्दैवाने गेल्या तीसेक वर्षांत या प्रकाराचे पीक फार आले आहे.

या गाण्यात गायक आधी कुजबुजतो, मग किंचाळतो, मग पुन्हा कुजबुजतो, आणि चार-साडेचार मिनिटे कान लावून बसल्यावर आपल्या हाती एवढीच माहिती लागते की, त्याला फार दुःख आहे. ते कशाचे, कधीपासूनचे, कोणामुळे, कुठल्या गावात, याचा पत्ता लागत नाही. शब्द कागदावर उतरवून पाहिले तर ‘मी’, ‘मला’, ‘माझ्या आत’ यांची गर्दी दिसते आणि उरलेल्या जागेत काळोख, राख, रक्त, जखम, भिंत अशा कोणालाही कुठेही वापरता येतील अशा वस्तू ठेवलेल्या असतात. घर नाही, रस्ता नाही, भाड्याची तारीख नाही. दुसरे माणूस असलेच तर ते ‘तू’ असते आणि त्या ‘तू’ला एकच काम नेमून दिलेले असते, ते म्हणजे ‘मला’ समजून न घेणे. प्लेटमध्ये नुसती तर्री ओतावी आणि खाली पोहेच नसावेत, तसा हा मामला आहे.

बऱ्याच जणांना वाटते की हा दोष वाद्यांचाच आहे. विद्युत गिटारचा तो जड, घासलेला आवाज मुळातच खिन्न असतो. तसे ते नाही. हेवी रॉकचा सगळा डोलारा ज्या पॉवर कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेला स्वरांचा गट) उभा असतो, त्यात आपल्या भाषेत सांगायचे तर फक्त षड्ज आणि पंचम असतात, गंधार नसतो. पाश्चात्त्य कॉर्ड ‘मेजर’ की ‘मायनर’, म्हणजे ढोबळ मानाने उजळ की उदास, हे गंधार शुद्ध की कोमल यावरून ठरते. गंधारच नसेल तर ती कॉर्ड ना सुखी असते ना दुःखी. ती फक्त ठाम असते. गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर खाली उतरवली की तीन तारांवर एकच बोट आडवे दाबून ही कॉर्ड वाजवता येते, म्हणून शिकाऊ मुलांना हे ट्यूनिंग फार आवडते आणि आवाज आपोआप खोल जातो. पण खोल म्हणजे रडका नव्हे. आणि कोमल गंधार आला तरी काय बिघडले? काफी रागात कोमल गंधार आहे आणि काफीत आपल्याकडे होरी, म्हणजे होळीची आनंदाची गाणी, गातात. म्हणजे उदासी वाद्यात नाही, सुरातही पुरती नाही; ती गाणारा कुठे बघतो आहे यावर अवलंबून आहे.

हे पटवायला ज्यांना सगळे काळोखाचे आद्य पुरुष मानतात त्या ब्लॅक सॅबथ या इंग्रज बँडचेच उदाहरण घ्यावे. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधले कारखान्यांचे शहर. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे १९७१ च्या सुमारास गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, कारण सैल तारा दाबायला कमी त्रास होतो. पुढच्या पिढ्यांनी ज्या आवाजाला ‘अंधाराचा आवाज’ म्हणून डोक्यावर घेतले, त्याच्यामागे कामगाराच्या हाताची ही दुखापत होती. आता, स्वतःची कीव करायला याहून रास्त कारण कोणाजवळ असेल? पण या बँडच्या १९७० च्या दुसऱ्या अल्बमचे पहिलेच गाणे आहे ते गरिबांना लढाईत ढकलून आपण मागे बसणाऱ्या सेनापतींबद्दल. गीझर बटलर या त्यांच्या बेसवादकाने लिहिलेल्या शब्दांत सैन्य आहे, राजकारणी आहेत, अणुबॉम्बची भीती आहे, हेरॉइनच्या आहारी जाऊन परतलेले सैनिक आहेत. आयोमीच्या बोटांविषयीचे गाणे मात्र तिथे शोधूनही सापडत नाही. काळोख भरपूर आहे, पण त्या काळोखात माणसे वावरताना दिसतात.

मग हे कुठे फिरले? सोयीचे उत्तर असे की १९९१ साली, निर्वाणा या अमेरिकन बँडच्या दुसऱ्या अल्बमने. सप्टेंबरात निघालेला तो अल्बम जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत मायकेल जॅक्सनला खाली सारून पहिल्या क्रमांकावर गेला आणि रेकॉर्ड कंपन्यांना साक्षात्कार झाला की त्रस्त, विस्कटलेला, स्वतःवर चिडलेला तरुण विकला जातो. पण या खटल्यात निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याला आरोपी करणे मला अन्यायाचे वाटते. शांत कडवे आणि फुटणारे धृपद ही मांडणी आपण पिक्सीज या बँडवरून उचलली, हे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले होते. आणि तो खिन्न होता तितकाच खट्याळही होता. नोव्हेंबर १९९१ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात वाद्ये आधीच ध्वनिमुद्रित आणि फक्त आवाज प्रत्यक्ष, असा नियम होता. तेव्हा या पठ्ठ्याने गिटारवर हात नुसता वरवर फिरवला आणि आपले सर्वांत गाजलेले गाणे घशातून काढलेल्या जड, शोकाकुल आवाजात असे काही म्हटले की ती सरळ सरळ रडक्या गायकांची नक्कल झाली. ते चित्रण आजही पाहायला मिळते. ज्याला पुढे दुःखाचा देव करून भिंतीवर टांगले, त्याने दुःखाच्या थाटाची टर इतक्या लवकर उडवलेली होती, ही गोष्ट त्याचे टी-शर्ट घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ध्यानात घेतली असेल, कोण जाणे.

त्याच्यामागून आलेल्यांनी मात्र नेमका थाटच उचलला. खट्याळपणा गाळला, विसंगती गाळली, आणि दातांत शब्द चावून जाड आवाजात कण्हण्याची एक ठरलेली शैली तयार झाली. नव्वदीचा उत्तरार्ध आणि त्यापुढची काही वर्षे रेडिओवर वाजलेले असे कितीतरी बँड आहेत की त्यांची गाणी एकापाठोपाठ एक लावली तर गायक बदलला हे कळायला ड्रमचा आवाज बदलण्याची वाट पाहावी लागते. त्यांची नावे घेऊन वाचकांच्या किशोरवयावर घाला घालण्याची माझी इच्छा नाही.

आता नागपूरकडे येतो, कारण ही चीड उफाळून येण्याचे कारण इथलेच आहे. यंदा मार्चच्या अखेरीस इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या बँड स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावले होते. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, सभागृहात दोन्ही बाजूंना मोठाले कूलर घरघरत होते आणि त्यांच्या आवाजात बेस गिटार अर्धीअधिक बुडत होती. अशा वातावरणात एकामागून एक मुले मंचावर येऊन इंग्रजीतून गोठलेल्या हृदयाची, न थांबणाऱ्या थंड पावसाची आणि खिडकीवरच्या दवबिंदूंची गाणी म्हणत होती. हा सूर जिथून आला त्या अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलला पाऊस पडतो, हे मान्य. पण आपल्याकडे त्या आठवड्यात वाळ्याच्या ताट्या काढायची गडबड चालू होती! मुले वाजवत मात्र झकास होती. ड्रमवरचा एक हात तर असा होता की मी गुण लिहायचे विसरून ऐकत बसलो. कसबात उणे काहीच नव्हते. गाण्यात मांडायला जे लागते, ते सगळेच उसने आणलेले होते.

निकालानंतर एका बँडचा गायक माझ्याशी बोलायला आला. त्याच्या गाण्यात ‘काळोख मला गिळतो आहे’ अशा अर्थाची ओळ सात-आठ वेळा आली होती. आम्ही फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. मुलगा यवतमाळकडचा, घरी कोरडवाहू कापूस. बोलता बोलता वडिलांबरोबर खरेदी केंद्रावर काढलेल्या एका रात्रीची गोष्ट त्याने सांगितली. हमीभावाने विकायचा तर कापसातला ओलावा आठ टक्के धरतात, त्यावर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की माल घेतच नाहीत. रांग मोठी, नंबर सकाळी लागणार, आणि गाडीतला कापूस रात्रभर उघड्यावर. “रातभर दव पडते सर, अन् सकाळी मीटर लावला का तेरा दाखवते. बाराच्या वर गेलं का गाडी वापस.” म्हणून त्याचे बाबा रात्रभर ताडपत्रीच्या कडा दाबत गाडीभोवती फिरत राहिले आणि हा मोबाइलच्या उजेडात त्यांच्यामागे, मध्येच बाबांनी मीटरवाल्याची अशी काही नक्कल केली की दोघेही हसत सुटले. पहाटे मीटरने किती दाखवले, हे सांगण्याआधी तो क्षणभर थांबला. अकरा पूर्णांक काहीतरी. भाव कापला, पण माल घेतला.

मी त्याला म्हटले, अरे, गाणे तर हे आहे. यात दव आहे, ताडपत्री आहे, आकडा आहे, बाप आहे, भीती आहे आणि वर हसूही आहे. धृपदाला ‘तेरा’ हा एवढाच शब्द पुरेल. त्याने ओशाळून विचारले की, हे रॉकमध्ये चालते का. माझ्या मते या एका प्रश्नात सगळा घोटाळा सामावलेला आहे. या मुलांना कोणीतरी शिकवले आहे की खरे दुःख घरी ठेवून यायचे असते आणि मंचावर चढताना दुःखाचा गणवेश घालायचा असतो.

याच शहरात दुःख कसे गावे याची उदाहरणे पडलेली असताना त्यांनी गणवेश शोधत फिरावे, याचे मला जास्त वाईट वाटते. सुरेश भट जन्मले अमरावतीला १९३२ मध्ये, आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले ते नागपूरला. लहानपणीच पोलिओने पाय अधू झालेल्या या माणसाने मराठी गझल उभी केली, आणि तिच्यात वेदना ठासून भरलेली असली तरी कण्हणे नाही. त्याचे एक कारण गझलेच्या बांधणीतच आहे. शेराच्या पहिल्या ओळीत तुम्ही तक्रार मांडू शकता, पण दुसऱ्या ओळीत तिला कलाटणी द्यावीच लागते, नाहीतर शेर पडतो. ‘हाय, मी किती दुःखी’ असे दोन्ही ओळींत म्हणून मुशायऱ्यातून कोणी सुटत नाही. श्रोतेच पुढचा शेर मागतात. ग्रेस तर नागपूरचेच. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आल्या तेव्हापासून त्यांच्या दुर्बोधपणावर वाद झडत आले आहेत, आणि मीही त्यांच्या कितीतरी ओळींपुढे हात टेकलेले आहेत. पण इतक्या खोल उदासीतही त्यांच्या कवितेत झाडे, पक्षी, पाऊस, घोडे, आई, देऊळ यांची एवढी वर्दळ आहे की कवीला स्वतःकडे बघत बसायला सवडच मिळत नाही.

आणि दीक्षाभूमी आहे. १९५६ च्या धर्मांतराच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे लोटणाऱ्या गर्दीत, पुस्तकांच्या दुकानांपासून थेट रस्त्यापर्यंत भीमगीते वाजत असतात. वामनदादा कर्डकांची, आणि त्यांच्यानंतरच्या, कधी हाताने छापलेल्या पुस्तिकांतून हिंडणाऱ्या अनेकांची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाचा हिशेब मांडणारी ही गाणी आहेत. स्वतःची कीव करण्याचा हक्क कोणाला असेल तर तो या गाणाऱ्यांना होता, आणि त्यांनी तो वापरला नाही. त्यात पाणवठा आहे, शाळा आहे, कायदा आहे, बाप आहे, माय आहे. समोर ऐकणारा समाज आहे आणि त्याला काहीतरी करायला सांगितलेले आहे. तिकडे अमेरिकेत मिसिसिपीला १९२७ मध्ये महापूर आला तेव्हा त्यावर ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी, गाणाऱ्यांनीही हेच केले. पाणी कुठल्या गावापर्यंत चढले, कुठे जायला रस्ता उरला नाही, हे त्यांनी गावांची नावे घेऊन सांगितले. रॉक त्या ब्लूजच्याच पोटी जन्मले आहे, म्हणून हे आठवले.

माझ्या भाच्यापुढे हे सगळे मांडले तेव्हा त्याने मला अडवले. तो तेवीस वर्षांचा आहे, लिंकिन पार्क या अमेरिकन बँडचा भक्त आहे. त्याचे म्हणणे असे : “मामा, ज्याला खरंच आतून काहीच दिसत नाही, त्याच्या गाण्यात झाडं कुठून येतील?” त्या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन याने लहानपणी सोसलेल्या अत्याचारांविषयी आणि व्यसनाविषयी स्वतः उघड सांगितलेले होते आणि जुलै २०१७ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या गाण्यांतला आक्रोश हा निव्वळ थाट नव्हता हे सगळ्यांना फार उशिरा कळले. भाच्याचा मुद्दा खरा आहे. नैराश्य हा आजार आहे, आणि त्यात जग विटून, पुसट होऊन माणूस स्वतःतच कोंडला जातो. ते कोंडलेपण जसेच्या तसे गाण्यात आले तर त्याला खोटे म्हणता येणार नाही. रात्री दोन वाजता इअरफोन लावून पडलेल्या एखाद्या पोराला ‘हे फक्त मलाच होत नाही’ एवढे कळणे हीही मोठी सोबत असते, आणि त्या सोबतीची टिंगल करण्याइतका मी निबर झालेलो नाही. पण भोगलेल्याच्या आक्रोशाची पुढे न भोगलेल्यांनी नक्कल करायची, मग त्या नकलेची पुन्हा नक्कल करायची, आणि प्रत्येक वेळी त्यातून एकेक खरी गोष्ट गळत जायची, याला मी सोबत म्हणणार नाही. शिवाय खऱ्या वेदनेतून आलेले गाणे आपोआप चांगले होते, हेही मला मान्य नाही. वेदना खरी आणि गाणे कंटाळवाणे, असे घडू शकते, आणि पुष्कळदा घडते.

स्वतःची कीव आणि गाणे यांचा सामना एखाद्याने जाणूनबुजून घडवून आणला तर काय होते, ते पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडच्या १९७९ च्या ‘द वॉल’ (भिंत) या दुहेरी अल्बममध्ये दिसते. १९७७ मध्ये मॉन्ट्रियलच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या एका चाहत्यावर बँडचा रॉजर वॉटर्स थुंकला आणि मग स्वतःच्याच वागण्याने हादरला. त्या प्रसंगातून ही कल्पना सुचली. अल्बमचा नायक श्रीमंत, लाडावलेला आणि दीड तास स्वतःला कुरवाळणारा आहे, आणि दुसऱ्या तबकडीत तो मला पुरेसा कंटाळाही आणतो. पण तिथे युद्धात मेलेला बाप आहे, शाळेतला मास्तर आहे, आई आहे. आणि शेवटी चक्क न्यायालय भरते, ज्यात आरोपी तोच असतो. एवढी सोय करून ठेवल्यावर मी त्याची कुरकुर ऐकून घेतो.

सगळ्यांत अडचणीचे उदाहरण मात्र ‘हर्ट’चे आहे. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडच्या ट्रेंट रेझ्नरने तिशीच्या आत लिहिलेले, १९९४ च्या अल्बमच्या शेवटी असलेले हे गाणे माझ्या व्याख्येत तंतोतंत बसते. त्यात जवळपास नुसता ‘मी’ आहे, सुई आहे, आणि आपण सगळ्यांना निराशच करणार, अशी खात्री आहे. २००२ मध्ये तेच गाणे, एखादा शब्द बदलून, जॉनी कॅश या सत्तरीच्या अमेरिकन गायकाने म्हटले, आणि त्याचे चित्रण मी आजही सलग पाहू शकत नाही. तेच शब्द असून असे का व्हावे? माझे उत्तर असे की गाण्यात जे नव्हते ते सगळे चित्रणाने आणि आवाजाने पुरवले. टेनेसीमधले त्याचे बंद पडलेले, पुराच्या पाण्याने खराब झालेले संग्रहालय. फळामांसाने भरलेल्या टेबलावर थरथरत्या हाताने ओतलेली दारू. जिन्यात उभी राहून त्याच्याकडे बघणारी त्याची बायको जून कार्टर. आणि अखेर बोटांनी मिटलेले पियानोचे झाकण. मे २००३ मध्ये ती गेली आणि सप्टेंबरात, एकाहत्तराव्या वर्षी, तो. ‘मी’ हा शब्द तोच, पण आता त्या ‘मी’ला घर होते, बायको होती, मागे सोडलेला सगळा पसारा होता.

भाचा मात्र मूळचेच गाणे ऐकतो. त्याचे म्हणणे आहे की अठ्ठावीस वर्षांच्या माणसाजवळ दाखवायला संग्रहालय नसते, आणि त्याचे दुःख खरे ठरायला सत्तरीच्या म्हाताऱ्याचे प्रमाणपत्र का लागावे. यावर मी त्याला यवतमाळच्या त्या मुलाचे उदाहरण दिले, की त्याच्याजवळ एकविसाव्या वर्षीच ताडपत्री आणि मीटर आहे. भाचा म्हणाला, “पण मामा, ते त्यानं तुम्हाला चहावर सांगितलं. गाण्यात सांगायला लाज वाटली असेल.” ही शक्यता माझ्या मनात आली नव्हती, आणि ती मला बरीच पटते आहे. काळोख आणि राख यांच्याआड लपता येते. बापाच्या कापसाचे नाव घेतले की ओळखू येते. तसे असेल तर त्या रडक्या गाण्यांवरचा माझा राग थोडा कमी होतो, पण ती ऐकण्याचा कंटाळा तेवढाच राहतो.